माजघरांतील हिरवळ

जुन्या पुणेरी वाड्यांत ज्यांचें बालपण गेलें असेल, त्यांना माजघराचें वर्णन करून सांगावयास नको. पुढें ओसरी, मागें स्वयंपाकघर आणि दोहोंच्या मध्यें ही खिडकीवांचूनची खोली. उन्हाळ्यांत गारवा देणारी, पण भर दुपारींहि दिवा मागणारी. घरांतील आजारी माणसें आणि वृद्ध स्त्रिया यांच्या वांट्याला बहुधा हीच खोली येई.

आमच्या सासूबाईंच्या वांट्यालाहि तीच आली. मांडीचें हाड मोडल्यावर अंगणांतील तुळशीपर्यंत जाणें त्यांना अशक्य झालें. ज्यांची प्रत्येक सकाळ उन्हांत उजाडली, त्यांचे दिवस चार अंधाऱ्या भिंतींत जाऊं लागले. प्रथम पोथी सुटली. मग बोलणेंहि कमी झालें. खोली सजविण्याची कल्पना आम्हांस सुचली ती हौसेनें नव्हे, तर या काळजीनें.

आरंभीं झालेली चूक आधीं सांगतें. एका कुंडींत मनीप्लँट लावून ती त्यांच्या उशाशीं ठेवली. दीड-दोन महिन्यांत पानें पिवळीं पडलीं. उजेड नाहीं तेथें झाडाला अन्न नाहीं, हा शाळेंतला धडा आम्ही विसरलों होतों. उपाशी झाडाला पाणी मात्र घालीत राहिलों, तेणेंकरून मुळें कुजलीं. आजारी माणसाच्या डोळ्यांदेखत झाड मरूं देणें हें सजावट न करण्याहून वाईट.

तेव्हां क्रम बदलला: आधीं उजेड, मग हिरवळ. वार्धक्यांत डोळ्याची बाहुली लहान होते व भिंग पिवळसर होतें. साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर विशींतल्याच्या मानानें सुमारें एक-तृतीयांशच प्रकाश पोंचतो. आपल्याला पुरणारा उजेड त्यांना पुरत नाहीं. आणि दिवा प्रखर केला तर डोळे दिपतात. यावर तोड अशी, कीं दिवा दिसूं नये, उजळलेली भिंत दिसावी. भिंतींना चकाकी नसलेला पांढरा रंग दिला. छताच्या मध्यावरची ट्यूबलाइट काढून कडेच्या फळीमागें ५ वॅटचे तीन एलईडी दिवे बसविले; त्यांची छटा २७०० केल्व्हिनची, म्हणजे जुन्या तारेच्या दिव्यासारखी उबदार. शिवाय वाचनासाठीं उशाशीं स्वतंत्र दिवा, आणि रात्रीं उठतांना पाय चुकूं नये म्हणून जमिनीलगत एक मंद दिवा. हे दोन दिवे शोभेचे नसले तरी सर्वांत अधिक उपयोगाचे आहेत.

यानंतर कापडी पानांच्या वेली आणल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, खोटीं पानें कशाला घरांत?" प्रश्न रास्त होता. परंतु १८०७ च्या सुमारास बांधलेला पुण्याचा विश्रामबागवाडा पाहावा. तेथील लांकडी खांब सुरूच्या झाडाच्या घाटाचे आहेत आणि त्यांच्या माथ्याशीं केळफुलें कोरलेलीं आहेत. त्यांना कोणी खोटीं म्हणत नाहीं, कारण तीं खरेपणाचा आव आणीत नाहींत. कृत्रिम हिरवळीलाहि हाच नियम लावावा. चकचकीत पानें, प्लास्टिकचीं फळें, सुवासाचे फवारे नकोत. फिक्या-गडद हिरव्या छटांच्या दोन-तीनच वेली घ्याव्या आणि दिव्याचा उजेड तिरपा पडेल अशा भिंतीलगत सोडाव्या. पानांची सांवली भिंतीवर पडते तीच निम्मी शोभा होय.

दोन सावधगिऱ्या अवश्य पाळाव्या. हें कापड बहुधा पॉलिएस्टरचें असतें; तें पेट घेतें आणि वितळतें. म्हणून समई, निरांजन व उदबत्ती यांच्याजवळ तें मुळींच नसावें. दुसरें, पंधरा दिवसांनीं ओल्या फडक्यानें धूळ पुसावी. धुळीनें माखलेली वेल खोलीला अधिकच उदास करते. शिवाय हा माल कुजत नाहीं, म्हणून दरवर्षीं नवा आणून जुना टाकण्यापेक्षां थोडाच आणून तो पुष्कळ वर्षें वापरावा.

सासूबाईंना तीं पानें आवडलीं असें मी म्हणणार नाहीं. त्यांना आवडली ती उजळलेली भिंत. आठवडाभरानें त्यांनीं चष्मा आणि पोथी मागितली. पुढें एके दिवशीं म्हणाल्या, "तुझी ही वेल असूं दे, पण तुळस मला रोज दिसली पाहिजे." तेव्हांपासून सकाळीं तुळशीची लहान कुंडी घटकाभर माजघरांत येते, त्या हात जोडतात आणि ती पुन्हां उन्हांत जाते. वेलीवरची धूळ मात्र आतां त्या बसल्या जागीं स्वतःच पुसतात. दुसऱ्या कोणाला हात लावूं देत नाहींत.