एक फिल्टर लावायला काय जातं?

पुणे-नाशिक रेल्वे खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ महादुर्बिणीला वळसा घालून जाणार म्हटल्यापासून जुन्नर-आंबेगावकडे हा प्रश्न हटकून निघतो. एवढे शास्त्रज्ञ बसलेत, गाडीचा रेडिओ-गोंगाट गाळायला लावा की एक फिल्टर! प्रश्न खुळा नाही. मोबाइल-टीव्हीचे पट्टे गाळणारे फिल्टर जीएमआरटीच्या रिसीव्हरमध्ये आधीपासून आहेत. पण ते कसे बनतात हे पाहिलं, की त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवावी तेही कळतं.

मोबाइलचा जुना ९००चा पट्टा घ्या. टॉवर ९३५ ते ९६० मेगाहर्ट्झवर बोलतो. सर्किट बोर्डावर सिग्नलची वाट म्हणजे तीनेक मिलिमीटर रुंद तांब्याची पट्टी. तिला काटकोनात एक फाटा काढायचा आणि मध्येच सोडून द्यायचा, पुढे काही जोडायचं नाही. बंद गल्लीच ती. लांबी मात्र तरंगलांबीच्या बरोबर पाव. नको असलेली लहर गल्लीत शिरते, टोकाला आपटून परत येते, तोवर अर्धं आवर्तन मागे पडलेली असते. चौकात नव्या लहरीशी गाठ पडते तेव्हा हिचा चढ, तिचा उतार. दोघी एकमेकींना गिळतात. कॉइल नाही, कपॅसिटर नाही, वीजही लागत नाही. मला या तांब्याच्या तुकड्याचं भारी कौतुक आहे.

कागदावर हे सोपं. हवेतली ३१७ मिलिमीटरची लहर एफआर-फोर या नेहमीच्या सर्किट बोर्डात आखडते आणि फाटा भरतो सुमारे ४३ मिलिमीटर. पण उघड्या टोकातून विद्युतक्षेत्र जरा बाहेर सांडतं, म्हणून तो अर्धा-पाऊण मिलिमीटर आखूड ठेवायचा, नाहीतर अडवलेल्या पट्ट्याची खाच १०-१५ मेगाहर्ट्झ खाली घसरते. त्यात लहर किती आखडेल हे ठरवणारा बोर्डाचा पराविद्युतांक एका लॉटला ४.३, तर दुसऱ्याला ४.५. एवढ्या फरकानं खाच वीसेक मेगाहर्ट्झ सरकते. अडवायचा पट्टाच मुळी २५चा!

त्याहून मोठी पंचाईत रुंदीची. ५० ओहमचा साधा फाटा ६७० पासून १२२५ मेगाहर्ट्झपर्यंत सगळ्याचीच निम्म्याहून जास्त ताकद कापतो. मोबाइल गेला, त्याच्यामागे आकाशही गेलं. दुर्बिणीचा ५५० ते ८५०चा पट्टा त्यातच अर्धाअधिक सापडतो. म्हणून फाटा मुख्य पट्टीला न जोडता, बारीक फट ठेवून शेजारी उभा करतात. फट वाढवली की खाच अरुंद होते. पण अरुंद खाचेत लहर बराच वेळ घुमावी लागते, आणि एफआर-फोर तिला घुमता घुमताच जिरवतो. खाच उथळ राहते. मग सातपट कमी गळतीचा, महागडा रॉजर्सचा बोर्ड आणा.

एवढं करून फिल्टर बसवायचा कुठे? पहिल्या अॅम्प्लिफायरच्या आधी बसवला, तर नुसता ०.१ डेसिबल तोटा सुमारे ७ केल्विनचा गोंगाट वाढवतो. आकाशातली कुजबुज ऐकणाऱ्याला तो परवडत नाही. नंतर बसवला, तर टॉवरच्या आवाजानं अॅम्प्लिफायर आधीच गुदमरलेला असतो आणि स्वतःच खोटे सिग्नल तयार करू लागतो.

हे झालं मोबाइलचं, ज्याचा पत्ता तरी ठाऊक आहे. विजेच्या गाडीचा पेंटोग्राफ तारेवरून घसरताना ठिणगी उडते, आणि ठिणगीला पट्टा नसतो. ती एकाच वेळी सगळीकडे सांडते. तिच्यासाठी कितीची गल्ली कापणार? शेजारचं नारायणगाव तमाशापंढरी, तिथल्यांना हे सांगायला नको : फडातलं एखादं तुणतुणं गप्प करता येतं, राहुटीवर पाऊस कोसळू लागला तर कुणाला गप्प करणार?

तालुक्याला रेल्वे हवी, हे मलाही पटतं. मात्र त्यासाठी फिल्टर मागण्यात अर्थ नाही. मागायचाच तर बोगदा मागा, गाडी आणि दुर्बीण यांच्यामध्ये डोंगर येऊ द्या, आणि ठिणग्यांची मोजमापं दोन्ही बाजूंनी लोकांसमोर मांडा, असा आग्रह धरा.