जयंतीची ड्यूटी

पहाटे ४.५०
धायरीतली दहा बाय बाराची खोली. भाडं साडेपाच हजार, लाईटबिल वेगळं. गॅसवर तवा तापलाय, मावशी भाकरी थापतायत. या दिवसांत मेथी स्वस्त असते, दहाची जुडी दोन वेळा पुरते. दोन भाकरी डब्यात जातात, तीन मुलासाठी झाकून राहतात. तो गोदामात रात्रपाळी करतो, सातला येईल. आज गुरुवार, १९ फेब्रुवारी. शिवजयंती, सरकारी सुट्टी. मावशींना नाही. सणाच्या ड्यूटीचे दोनशे रुपये जास्तीचे मिळतात.

वय त्रेचाळीस. त्यांच्या आईहून मोठी माणसंही त्यांना मावशीच म्हणतात. मीही तेच म्हणतो.

पहाटे ५.४०
धायरी फाट्यावर शेअर रिक्षा. खडकवासल्याच्या अलीकडे वृद्धाश्रमाशी उतरायचं, वीस रुपये. येऊन-जाऊन चाळीस. महिन्याला हजारभर इथंच जातात. नांदेड फाट्यापुढं रिक्षा थांबते, कारण समोरून शिवज्योत येतेय. पंधरा-वीस पोरं, भगवे टी-शर्ट, काही अनवाणी. रात्री सिंहगडावर गेली, पहाटे मशाल पेटवून पळत निघाली. मागं टेम्पो, टेम्पोत स्पीकर आणि दमलेली पोरं. मावशी हात जोडतात आणि लगेच मोबाईलमध्ये वेळ बघतात. साडेसहाची ड्यूटी. तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापला जातो. या महिन्यात दोन झालेत.

सकाळी ६.२६
अंगठा लागला. चार मिनिटं हातात. साडी बदलून निळा गाऊन, केस बांधून टोपी.

रात्रीची मावशी चार्ज देते. मजल्यावर चौदा माणसं, दिवसाला दोन मावश्या. नावं सगळ्यांना पाठ आहेत, पण चार्ज नंबरानंच होतो. “सात नंबर दोनदा उठले, मी धरून नेलं. चारची पिशवी सहाशे झाली, रिकामी केली. नऊच्या डाव्या टाचेवर लाली आहे. बारा नंबर झोपल्याच नाहीत.” मावशी फक्त टाचेचं पुन्हा विचारतात. बाकी वहीत आहे.

सकाळी ६.४०
नऊ नंबरच्या आजी अंथरुणाला खिळून दोन वर्षं झाली. दोघी मावश्या दोन बाजूंना उभ्या राहतात. अंगाखाली मेणकापड आणि त्यावर आडवी चादर. चादरीची टोकं मुठीत घ्यायची, एक-दोन-तीन म्हणायचं आणि आजींना एकदम उचलून कुशीवर करायचं. ओढायचं नाही. ओढलं की म्हातारी कातडी सोलवटते. मग पाठ, माकडहाड, टाचा बघायच्या. लालीवर बोट दाबायचं. लाली क्षणभर पांढरी पडून परत आली तर ठीक. दाबूनही लालच राहिली तर सिस्टरना हाक. आजची पांढरी पडते. पिंढरीखाली उशी देतात, म्हणजे टाच अधांतरी राहते. वेळ लिहितात. दोन तासांनी पुन्हा. दिवसभर, कितीही कार्यक्रम असले तरी, दर दोन तासांनी पुन्हा.

मावशींच्या कमरेला पट्टा आहे. साडेचारशेला आणला, स्वतःच्या पैशांनी. महिन्याचा पगार साडेतेरा हजार. याच मजल्यावर नऊ नंबरच्या खाटेचे महिन्याला बत्तीस हजार, डायपर वेगळे. या आकड्यांबद्दल मावशी काही बोलत नाहीत. मी विचारलं म्हणून सांगितले.

सकाळी ७.३०
आंघोळी. फेब्रुवारीत सकाळी अजून गारठा असतो आणि दुपारी अंगाची लाही. म्हणून पाण्याचा अंदाज रोज वेगळा. मावशी कोपर बुडवून बघतात. काम करून हाताच्या तळव्याला गरम कळेनासं झालंय, त्या म्हणतात, कोपराला कळतं.

सात नंबरचे सर. भूगोलाचे मास्तर होते, वय चौऱ्याऐंशी. त्यांना झोपेतून थेट उभं करायचं नाही. “बसा दोन मिनिटं खाटेच्या कडेला. पाय हलवा. चक्कर नाही ना? मग उठू.” उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो आणि माणूस पडतो. पडला की खुब्याचं हाड, ऑपरेशन, आणि पुष्कळदा तिथून पुढं चालणंच संपतं. वृद्धाश्रमात ‘तब्येत सांभाळणे’ म्हणतात त्याचा मोठा हिस्सा ही दोन मिनिटं आहेत, असं माझं तरी मत झालं.

साखरवाल्यांच्या पायांची बोटं वेगळी करून पुसायची, बेचक्यात ओल ठेवायची नाही. सिस्टर सुईनं साखर तपासत फिरतायत. रविवारी महाशिवरात्र झाली. साबुदाणा, बटाटा, राजगिऱ्याचे लाडू. सोमवारी तिघांचे आकडे अडीचशेच्या वर होते आणि पाच जणांचं पोट साफ नव्हतं. आता कुठं सगळं जागेवर येतंय.

एका आंघोळीला वीस मिनिटं. मावशींच्या वाट्याला सहा.

सकाळी ९.३०
व्हरांड्यात चालणं. सर वॉकर धरतात, मावशी त्यांच्या कमरेचा पट्टा मागून धरून चालतात. व्हरांड्याच्या टोकाला खिडकी आहे, खिडकीतून सिंहगड दिसतो, त्याचा टॉवर तर लख्ख दिसतो. सर तरुणपणी रविवारी गड चढायचे. वर दही खायचं, पिठलं-भाकरी खायची, बारापर्यंत खाली. आता खाट ते खिडकी एक खेप. खिडकीशी थांबून ते सांगतात, ४ फेब्रुवारी १६७०ची रात्र, माघ वद्य नवमी, तानाजी मालुसरे. दर फेब्रुवारीत सांगतात. मावशी ऐकता ऐकता त्यांच्या चपलेचा पट्टा लावतात.

“तुमचं गाव तोरण्याच्या पायथ्याचं ना, मावशी?”

“हो, वेल्ह्याकडचं. लहानपणी ताक घेऊन चढायचो. सुट्टीला पुण्याची पोरं यायची. ग्लासाला एक रुपया.”

“केवढी चढण ती!”

“चढताना कळशी भरलेली. उतरताना बरं वाटायचं.”

सर आज आणखी एक खेप मारतात. वहीत ‘दोन फेऱ्या’ अशी नोंद.

सकाळी १०.१५
फेटे आले. तयार फेटा भाड्यानं तीस रुपये, ज्याला हवा त्यानं घ्यायचा. झेंडूचा मोठा हार दीडशेचा, ऑफिसच्या खर्चात. मावशी केस विंचरतात, दोघींच्या कवळ्या धुऊन बसवतात. आणि दरवर्षीचा वाद सुरू होतो.

पाच नंबरच्या बाईंनी महापालिकेच्या शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलं. त्या म्हणतात, “आमच्या लहानपणी जयंती वैशाखात. शुद्ध द्वितीयेला. शाळेला सुट्टी असायची, मिरवणूक बघायला चौकात जायचो. ही फेब्रुवारीची आत्ताची.” सर म्हणतात, “आत्ताची कशी? टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली छापली, तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ दिलीय. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. सरकारला पटायला ऐंशी वर्षं लागली, एवढंच.” तिसरे एक आजोबा तिथीवाले. त्यांच्या मते खरी जयंती ६ मार्चला, आणि त्या दिवशी ते स्वतःच्या खोलीत वेगळी पूजा करणार. आवाज चढतो. सिस्टर दारातून डोकावतात. मावशी म्हणतात, चढू द्या. इतका आवाज निघाला की छाती मोकळी होते.

मला या वादात काळजी करण्यासारखं काही दिसलं नाही. चौऱ्याऐंशीव्या वर्षी शकाचा आकडा न अडखळता सांगणारा माणूस समोर बसला असेल तर त्याला बोलू द्यावं.

सकाळी ११.००
खालचा हॉल. तिन्ही मजल्यांची माणसं उतरवायला चाळीस मिनिटं लागली. लिफ्टमध्ये एका वेळी एकच व्हीलचेअर मावते. प्रत्येक खुर्चीचे ब्रेक मावशी पायानं दाबून, मग हातानं हलवून बघतात. आरती झाली. बायकांनी पाळणा म्हटला. कॉलेजच्या मुलांनी पोवाडा म्हटला, डफ जरा मोठा वाजला, दोघांनी कानातलं मशीन काढून ठेवलं.

मग सुंठवडा. सुंठ, सुकं खोबरं, खसखस, खडीसाखर, सगळं कुटून कोरडं. कॉलेजची एक मुलगी ताट घेऊन ओळीनं प्रत्येकाच्या हातावर चमचाभर ठेवत येते. मावशी मधल्या वाटेनं झपाझप पुढं जातात आणि तिचं मनगट धरतात. “थांब बाळा. या तिघांना नको.” मुलगी गोंधळते. प्रसाद कसा नाकारायचा?

या तिघांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेलाय. गिळायचे स्नायू अधू आहेत. कोरडी पूड घशात गेली की ठसका, ठसक्यातून ती श्वासनळीत, आणि तिथून न्यूमोनिया. मावशींनी सकाळीच स्वयंपाकघरात सांगून ठेवलं होतं. तीन वाट्या वेगळ्या आहेत. तोच सुंठवडा दुधात कालवून, गाळून, दाटसर केलेला. शिवाय साखरवाल्यांसाठी खडीसाखरेविना एक डबा, झाकणावर लाल चिकटपट्टी. मावशी एकेकाची हनुवटी खाली करून अर्धा-अर्धा चमचा भरवतात. गिळल्यावर घसा वर-खाली झालेला बघतात, मगच पुढचा चमचा. मुलगी शेजारी उभी राहून बघते. तिसऱ्या वाटीला चमचा तिच्या हातात असतो.

या कामासाठी त्यांना कोणी कोर्स दिलेला नाही. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी दसऱ्याच्या पेढ्यानं काय झालं ते त्यांनी पाहिलं. त्याबद्दल एवढंच सांगून गप्प झाल्या.

दुपारी २.१०
सगळ्यांची जेवणं, सगळ्यांच्या गोळ्या, नऊ नंबरची कूस चौथ्यांदा बदलून झाली. मावशी जिन्यात बसून डबा उघडतात. आज स्वयंपाकघरातून वाटीभर शिराही आलाय. पंधरा मिनिटं. पाय भिंतीला वर लावून पाच. वर मंडळी झोपली आहेत.

दुपारी ३.३०
सुट्टी म्हणून भेटायला येणारे बरेच. सुट्टी म्हणूनच सिंहगड रस्ता तुंबलेला, साडेअकराला निघालेला एक मुलगा आत्ता पोचतो, सहाला त्याला परत निघायचंय. वडलांसाठी जिलेबी आणलीय. मावशी पुडा बघतात, एक तुकडा बशीत काढतात. “संध्याकाळच्या चहाला साखर घालणार नाही. चालेल?” चालतं.

जाताना तो शंभराची नोट त्यांच्या हातात कोंबतो. खासगी घेणं मना आहे. जिन्याखाली स्टीलचा डबा आहे, दिवाळीला उघडतात आणि मावश्या, मामा, स्वयंपाकीण यांच्यात सारखे वाटे होतात. नोट डब्यात जाते. मागच्या दिवाळीला वाट्याला अकराशे आले होते.

दुपारी ४.४५
आता कडक ऊन. सकाळचे स्वेटर काढून घड्या. पाण्याची फेरी. म्हाताऱ्या माणसाला तहान लागलेली कळत नाही, आणि रात्री उठायला लागेल म्हणून ती मुद्दाम कमी पितात. मावशी विचारत नाहीत पाणी हवं का. विचारलं की ‘नको’ येतं. पेला हातात देतात आणि रिकामा होईस्तोवर शेजारी उभ्या राहतात.

संध्याकाळी ५.३०
गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागते. बारा नंबरच्या आजी ताडकन उठतात. “पाणी आलं! पुस्तकं वर टाका!” १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, खडकवासल्याची भिंत गेली, पेठांत पाणी शिरलं, तेव्हा त्या नारायण पेठेत राहत होत्या. त्या दिवसाचं त्यांना आठवतं. सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही.

मावशी त्यांना सांगत बसत नाहीत की पूर नाही. एका हातानं मोटार बंद करायला मामाला खूण करतात, दुसऱ्या हातानं टेबलावरची वर्तमानपत्रं उचलतात. “द्या माझ्याकडं. सगळ्यात वर ठेवू.” दोघी मिळून रद्दी कपाटावर रचतात. सहा गठ्ठे. तोवर पाणी थांबलेलं असतं. आजी हात पुसतात आणि चहा मागतात.

संध्याकाळी ६.३०
चार्ज द्यायची वेळ. “नऊची टाच बरी आहे, पण उशी काढू नका. बारा नंबर आज टाकीनं घाबरल्या, रात्री एकदा उठवून बघा. तिघांनाही दुधातून दिलं, ठसका नाही. पडलं कोणी नाही.” शेवटचं वाक्य मावशी स्वतः वहीत लिहितात, मोठ्या अक्षरात.

ऑफिसबाहेर फळ्यावर महिन्याचे कार्यक्रम आहेत. २३ला संत गाडगेबाबांची जयंती, यंदा जन्माला दीडशे वर्षं, परिसर झाडायचा. २७ला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, पाच नंबरच्या बाई कविता म्हणणार. २८ला विज्ञान दिन, रामन यांच्यावर सात नंबरचे सर बोलणार.

मॅनेजर बाहेर येतात. “मावशी, सत्तावीसला येता का? सगळ्यांना खाली आणायला माणूस कमी पडतोय.”

“शुक्रवार माझ्या सुट्टीचा.”

“बाई म्हणत होत्या, तुम्ही असाल तरच म्हणणार.”

मावशी थोडं थांबतात. “येते. पण बदली रविवारची द्या. एक तारखेची. पोराला त्या दिवशी सुट्टी असते.”

“बघू.”

“बघू नाही साहेब, लिहा.”

ते वहीत लिहितात. मावशी ओळ वाचून बघतात. “आणि वरचे दोनशे?”

“भाषा दिनाला सरकारी सुट्टी नसते ना, मावशी.”

“बरं. मग शुक्रवारी रिक्षाचे चाळीस तरी.”

मॅनेजर पुन्हा पेन उघडतात आणि तारखेपुढं चाळीस लिहितात. मावशी खाली सही करतात.