स्वस्त गिटार, सुरेल गिटार
गिटार बनवणाऱ्या फेंडर कंपनीने 1965 मध्ये स्क्वायर ही तारा बनवणारी कंपनी विकत घेतली आणि 1982 मध्ये तेच नाव जपानमध्ये बनलेल्या स्वस्त गिटारींना दिलं. त्या इतक्या सुबक निघाल्या की आजही संग्राहक त्यांच्या शोधात असतात. हेडस्टॉकवरचं नाव पाहून गिटारीची पारख होत नाही!

रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने तर 50 डॉलरची बॉडी आणि 80 डॉलरची नेक जोडली, त्यात गिब्सनचा पिकअप बसवला आणि जगप्रसिद्ध 'फ्रँकेनस्ट्रॅट' घडवली.

स्वस्त गिटारीचा आधी सेटअप करावा: नेकचा बाक, तारांची उंची, इंटोनेशन. मग नट, म्हणजे नेकच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी. खुंटी पिळताना 'टिक्' असा आवाज होऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार नटच्या खाचेत अडकते आहे. पिकअपवरचा खर्च त्यानंतरच.