नेमबाजीचा पट्टा आणि दंडाची नस

भाद्रपदातली गोष्ट. आवण्या कधीच उरकल्या होत्या, पण पाऊस काही राजूर सोडायला तयार नव्हता. दवाखाना बंद करण्याच्या बेतात असताना भंडारदऱ्याच्या वाटेवरच्या एका वाडीतले शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी बारावीत शिकते, एनसीसीची कॅडेट आहे. डावा हात तिने उजव्या हाताने सांभाळून धरला होता.

"डाक्टर, पोरीचा हात गेला का हो?" बापाचा पहिला प्रश्न.

मी तिला मनगट वर उचलायला सांगितले. बोटे थोडीशी हलली, मनगट मात्र लोंबतच राहिले. हाताच्या पाठीवर, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या जागी कापूस फिरवला तर तिला काही कळेना. करंगळी शाबूत, चेहरा शाबूत, बोलणे स्वच्छ. वाडीवर कोणीतरी 'वारे गेले' असे सांगितल्यामुळे बाप पार खचला होता. मी फ्रॉकची बाही वर केली आणि उत्तर समोर आले. दंडाच्या मधोमध, दोरी आवळल्याचा निळसर वळ.

महिन्यानंतर रायफल शूटिंगचा वर्ग होता. रायफल काही घरी नेता येत नाही, ती शस्त्रागारातच राहते. म्हणून बापाने सागाची फळी तासून चारेक किलो वजनाची रायफल करून दिली आणि पट्टा म्हणून तिला नायलॉनचा कासरा बांधला. पोरगी रोज संध्याकाळी पडवीत पालथी पडून, कासऱ्याचा फास दंडात अडकवून पाऊण-पाऊण तास नेम धरत होती. मुंग्या यायच्या. तिला वाटले, सवय होईल.

वाचकहो, रायफलचा पट्टा, ज्याला नेमबाज स्लिंग म्हणतात, तो खांद्याला रायफल अडकवण्यापुरताच असतो असा आपला समज असतो. नेमबाजीत त्याचे काम वेगळेच आहे. पालथे पडून नेम धरताना डावा कोपर जमिनीवर, डावा पंजा रायफलीखाली. चार किलोचे वजन स्नायूंनी तोलले तर दोन मिनिटांत थरथर सुरू होते, कारण स्नायू थकतो. हाड थकत नाही. पट्टा एका टोकाला दंडात आणि दुसऱ्या टोकाला रायफलीच्या पुढच्या भागाला अडकवला की एक त्रिकोण तयार होतो आणि वजन हाडांवर उतरते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या, तो हाच पालथ्या नेमाचा प्रकार. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवले, त्यातल्या तीन स्थितींपैकी गुडघ्यावरच्या आणि पालथ्या स्थितीत पट्टा चालतो, उभ्या स्थितीत मनाई आहे. तिथे ज्याचा त्याचा कणा.

आता दंडातली रचना पाहू. मनगट वर उचलणारी रेडियल नस दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून पुढे येते. दंडाच्या मधल्या भागापासून खाली ती हाडाला अगदी लगटून असते, वर मांसाची गादी पातळ. तिथे अरुंद दोरी आवळली की नस हाड आणि दोरी यांच्यात चेपते. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून दारूच्या नशेत रात्रभर झोपलेल्या माणसाचे मनगट सकाळी असेच लोंबते. असे पेशंट मी दर यात्रेनंतर पाहतो. या मुलीच्या हाताला नशेविना तेच झाले होते. करंगळीकडची बाजू बधिर झाली असती तर मी कोपराकडे पाहिले असते, कारण कडक जमिनीवर कोपर टेकवून तिथली अल्नर नस दुखावते. कोणते बोट बधिर आहे हे डॉक्टरला नीट सांगा, निम्मे निदान तिथेच होते.

मुलीच्या वडिलांना मी हे नस-हाड प्रकरण समजावत होतो, पण त्यांच्या डोळ्यांत काही उतरेना. त्यांच्या घरी डांगी बैलांची जोडी आहे. शेवटी विचारले, "जू नीट बसले नाही तर बैलाचे काय होते?" ते पटकन म्हणाले, "खांदा सुजतो. जू रुंद अन् गुळगुळीत लागतं, अन् बसायच्या जागीच बसावं लागतं." पट्ट्याचे सगळे शास्त्र त्यांनी एका वाक्यात सांगून टाकले.

तेव्हा पट्टा निवडताना पहिली पाहायची ती रुंदी. ओढ तेवढीच असली तरी ती दोरीच्या बारीक रेघेवर पडते की चार बोटांच्या पट्टीवर, यात फार फरक आहे. आंतरराष्ट्रीय नियमानुसार पट्टा ४० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. आपण त्याच्या जवळपासचाच घ्यावा. दंडाला लागणारी बाजू मऊ हवी, कडा धारदार नकोत. चामड्याचा असो की विणलेल्या पट्टीचा, भिजला की माप बदलते, म्हणून आपल्याकडच्या पावसात तो कोरडा राखावा. बक्कल घट्ट बसणारे हवे आणि आपल्या मापाच्या छिद्राला पेनाने खूण करावी, म्हणजे दर वेळी अंदाजपंचे आवळणे होत नाही.

दुसरी गोष्ट जागेची. पट्टा दंडावर जितका वर, खांद्याच्या गोलाईच्या लगत, बसेल तितका बरा. तिथे मांस भरपूर असते. घसरून मधोमध आला तर उठून पुन्हा वर करावा. नेमबाजीच्या जाकिटाला बाहीवर हूक असतो तो यासाठीच. जाकीट नसेल तर जाड बाह्यांचा सदरा घालावा, उघड्या दंडावर पट्टा कधीही नको. ओढ दंडाच्या बाहेरच्या अंगाने यावी. आतल्या बाजूला मुख्य धमनी आहे. पट्टा तिच्यावर बसला तर नाडीचा प्रत्येक ठोका रायफलीपर्यंत पोहोचतो आणि पुढची माशी लक्ष्यावर टुकटुक हलताना दिसते. पुष्कळ पोरे याला मनाची धडधड समजतात. ती नुसती पट्ट्याची चुकलेली जागा असते.

तिसरी गोष्ट, पट्टा ताणला जावा तो स्थिती घेतल्यावर. नुसता दंडात अडकवला असताना तो आवळत असेल, तर तो रक्त काढताना बांधतो त्या रबरी नळीसारखे काम करतो आहे. हात निळा पडला, मुंग्या आल्या, बोटे गार पडली की लगेच सोडायचा. प्रशिक्षक काय म्हणतील याची भीड धरू नये. दोन पाळ्यांच्या मध्ये तर तो काढलाच पाहिजे.

रायफलची तयारी प्रशिक्षकासमोरच होते आणि तशीच व्हावी. हाती येताच नळीचे तोंड सुरक्षित दिशेला, बोल्ट उघडा, आत डोळ्यांनी पाहून खात्री. शेजाऱ्याने पाहिली म्हणून आपण सोडायची नाही. साठवणीच्या वेळी नळीत लावलेले तेल फायरिंगपूर्वी चिंधीने कोरडे पुसतात, नाहीतर पहिल्या गोळ्या भलतीकडे जातात. पट्ट्याच्या कड्या आणि दस्त्याचे स्क्रू ढिले नाहीत ना, हे पाहावे. दस्त्याची लांबीही पाहावी. ली-एनफिल्ड घराण्यातल्या जुन्या रायफलींचे दस्ते लांब, मध्यम, आखूड अशा मापांचे असत, कारण सगळ्या शिपायांचे हात सारखे नव्हते. लहान चणीच्या मुलीला लांब दस्ता दिला तर ती मान ताणते, आणि दोन दिवसांनी मान अवघडली म्हणून माझ्याकडे येते.

फौजेत नेम धरण्याला 'शिस्त' म्हणतात. शब्द आपलाच, अर्थ जुना. शिस्त घेताना एक डोळा करकचून मिटू नये, दुसऱ्यावरही ताण येतो. मिटायच्या डोळ्यापुढे पांढरा कागद धरला की काम भागते. श्वास आठ-दहा सेकंदांपलीकडे रोखू नये. तेवढ्यात गोळी सुटली नाही तर खाली घ्यावे, पुन्हा सुरुवात करावी.

कानाबद्दल मात्र मला स्वतःचे सांगितले पाहिजे. मी कॉलेजात असताना आम्ही थ्री-नॉट-थ्री झाडली ती उघड्या कानांनी. कापसाचे बोळे घालणाऱ्याला पोरे हसत. फायरिंगनंतर दोन दिवस कानात रातकिडे ओरडत होते. आज माझा डावा कान उजव्यापेक्षा कमी ऐकतो. उजव्या हाताने रायफल झाडणाऱ्याचे बहुधा असेच होते, कारण डावा कान नळीच्या तोंडाकडे वळलेला असतो आणि उजव्याला डोक्याचा आडोसा मिळतो. १४० डेसिबेलपलीकडचा एकच दणका आतल्या पेशी कायमच्या मारू शकतो, त्यावर औषध नाही. पेशंट 'त' म्हणाला की 'प', हे मला आता ओठ पाहून ठरवावे लागते. कापूस पुरत नाही. फोमचे इअरप्लग किंवा कानटोप मागून घ्या. रांगेत पडून वाट पाहणाऱ्यांनीही घाला.

मागे एक तरुण हात थरथरू नये म्हणून प्रोप्रॅनोलॉलची गोळी मागायला आला होता. कोणीतरी शिकवले होते. या जातीच्या गोळ्यांना नेमबाजीत बंदी आहे, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही. त्यातून त्याला लहानपणापासून दमा. ती गोळी त्याच्या छातीत काय करून बसली असती, ते त्याला सांगितले आणि सकाळचा तिसरा कप चहा बंद करायला लावला.

आमच्या मुलीची कथा राहिली. नस तुटली नव्हती, चेपली होती. मी मनगटाला आधाराची पट्टी बांधली, कासरा गोठ्यात परत पाठवला, संगमनेरच्या हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घेतले. बोटांचे व्यायाम दिले. अठराव्या दिवशी मनगट थोडे उचलले, पाचव्या आठवड्यात पुरते. वर्गाचे पहिले दोन दिवस तिला गोळी झाडायला मनाई होती. ती मागे बसून इतरांचे फटके वहीत मांडत होती. नंतर रुंद पट्ट्याने, प्रशिक्षकांच्या नजरेखाली, २५ मीटरवर पाच गोळ्यांचा गट पाडला. संघात जागा मिळाली नाही, राखीव यादीत नाव लागले. त्याने ती खट्टू होती, बाप खूश होता.

फायरिंग संपवून दोघे थेट दवाखान्यात आले, हातात राजूरच्या पेढ्यांचा पुडा. तिने पुडा सोडला, एक पेढा उचलला. पॉइंट टू टूच्या काडतुसात शिसे असते. गोळीत तर असतेच, ठिणगीच्या मसाल्यातही असते, आणि ते बोटांना लागून राहते. मी तिला आधी बेसिनकडे पाठवले. साबण लावून, कोपरापर्यंत.