प्रार्थनेतला मंत्रचळ

आपल्या रायगड जिल्ह्यात बेने इस्राईल, म्हणजे शनवार तेली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहिली. १९४८ नंतर बरीच कुटुंबे इस्राईलला गेली, पण मराठी आणि गावाची ओढ सुटली नाही. काही वर्षांपूर्वी अशाच एका घरातल्या आजी, तिकडून आलेल्या नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, पोरगा देवाधर्माचा आहे, चांगलंच आहे. पण दहा मिनिटांच्या प्रार्थनेला ह्याला तास पुरत नाही. ताट वाढलेलं निवून जातं."

मुलाने सांगितले, 'शेमा' म्हणताना एखादा शब्द नीट उच्चारला नाही असे वाटते, किंवा मन क्षणभर भरकटते. मग पुन्हा पहिल्यापासून, वीस-वीस वेळा. पूर्वी ज्या प्रार्थनेने शांत वाटे, तिची वेळ झाली की आता छातीत धडधडू लागे.

वाचकहो, ही भक्तीची पराकाष्ठा नव्हे, हा आजार आहे. मराठीत त्याला मंत्रचळ म्हणतात, डॉक्टर 'ओसीडी' म्हणतात. शंभरातल्या दोघा-तिघांना आयुष्यात कधीतरी तो होतो; सुरुवात बहुधा कुमारवयात किंवा विशीत होते. कुणी सारखे हात धुतो, कुणी कुलूप ओढून पाहतो. धार्मिक माणसाची शंका प्रार्थनेवर येऊन बसते, मग धर्म कोणताही असो.

शंका आली की बेचैनी होते, शब्द पुन्हा म्हटला की घटकाभर बरे वाटते. पण खरूज खाजवल्यासारखेच हे. पुढची शंका अधिक जोराने येते. शिवाय 'लक्ष आहे ना?' हे तपासण्यातच लक्ष उडते.

ज्यू धर्मात प्रार्थनेतल्या एकाग्रतेला, 'कव्वाना'ला, मोठा मान आहे. उभ्याने म्हणायच्या 'अमीदा'चा पहिला भाग लक्ष नसताना म्हटला, तर ती पुन्हा म्हणावी, असे सोळाव्या शतकातला 'शुल्हान आरूख' हा ग्रंथ सांगतो. पण त्यावरच्या टिपणीत रब्बी मोशे इस्सर्लिस म्हणतात, हल्ली पुन्हा म्हणू नये. दुसऱ्या वेळी तरी लक्ष कुठे लागणार? 'शेमा' दोनदा म्हणण्याला तर तालमूदनेही नावे ठेवली आहेत. म्हणजे धर्मही या मुलाला 'पुढे चल' असेच सांगत होता.

उपचारही तोच. शब्द एकदाच म्हणायचा, शंका आली तरी मागे फिरायचे नाही. बेचैनी वाढते, पण तिला तसेच राहू दिले की हळूहळू ओसरते. हा सराव तज्ज्ञाच्या देखरेखीखाली पायरीपायरीने करावा. धर्मगुरूंना नियम एकदाच विचारून घ्यावा, रोज नव्हे. गरजेप्रमाणे फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीनसारखी औषधे देतात. त्यांचा पुरता गुण यायला आठ-बारा आठवडे लागतात; ती मनाने घेऊ नयेत, मनाने बंदही करू नयेत.

घरच्यांनी चिडू नये, पण 'नीट म्हटलंस हो' अशी ग्वाहीही दर वेळी देऊ नये. तीही खाजवल्यासारखीच.

त्या मुलाने परत गेल्यावर उपचार घेतले. शंका अजून येते, पण तो थांबत नाही, असे आजींनी मला नंतर सांगितले. तुमच्या घरात कुणी पूजेत, नमाजात वा जपात असे अडकत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.