उंचीची पट्टी: भिंतीवर नको, लाकडावर

आमच्या जबलपुरात रेल्वे, गन कॅरेज फॅक्टरी, व्हीकल फॅक्टरी, खमरिया असा क्वार्टरवाल्यांचा मोठा संसार आहे. मराठी घरंही त्यात पुष्कळ. मुलांच्या उंचीच्या खुणा दाराच्या चौकटीवर करायच्या आणि बदली झाली की चौकट तिथेच सोडून जायचं. तेव्हा आज बघू या सोबत नेता येईल अशी लाकडी उंचीपट्टी, तीही कमी पैशांत.

लाकूड पावसाळ्यात फुगतं, मग माप चुकणार नाही का, असं कोणी विचारेल. लाकूड फुगतं आणि आक्रसतं ते मुख्यतः रुंदीत. रेषा ज्या दिशेने धावतात त्या लांबीत फरक नगण्य असतो. ओली फळी पार वाळली तरी हजारात एक-दोन भागच. त्यामुळे रेषा उभ्या ठेवा, मग मे असो की जुलै, माप तेच.

आपण जिला वखार म्हणतो तिला इथे टाल म्हणतात. तिथे सागवान मागू नका, महाग पडेल. साल कठीण आणि जड, खिळा वाकतो. त्यापेक्षा कबाड्याकडे जुन्या पलंगाची लांब बाजूपट्टी शोधा. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड आता वाकणार नाही. एक डोळा मिटून कडेवरून नजर टाका, बाक लगेच कळतो. पट्टी जाड असेल तर आरा मशीनवर अर्ध्या इंचापर्यंत पातळ करून घ्या.

आता खरी बचत. पट्टी जमिनीपासून लावायची गरजच नाही! उभं राहणारं मूल साठ सेंटिमीटरपेक्षा उंच असतंच. म्हणून खालची कड जमिनीपासून बरोबर 60 सेंमीवर ठेवा आणि खुणांची सुरुवात 60 पासून करा. चार फुटांची, म्हणजे सुमारे 122 सेंमीची पट्टी 182 पर्यंत पुरते. शिवाय खालचं स्कर्टिंग आड येत नाही.

खुणा सुताराच्या लांब टेपने, टेप न हलवता, एकाच दमात करा. शाळेची फूटपट्टी सरकवत नेली तर दर वेळी मिलिमीटरभर चूक साठते. चार सरकवण्यांत चार मिलिमीटर, म्हणजे मुलाची जवळजवळ चार आठवड्यांची वाढ! पॉलिशचा एक हात द्या, वाळल्यावर कटरने रेषा कोरा, त्यांत काळा ऑइल पेंट चोळा आणि वरचा लगेच पुसून टाका. स्केच पेनची शाई रेषांमधून पसरते, ती नको. फूट-इंचही नकोत, दवाखान्यातले आणि अंगणवाडीतले तक्ते सेंटिमीटरमध्ये असतात.

मोजताना अनवाणी, वेणी-अंबाडा सोडून, टाचा मागे टेकवून, नजर समोर. डोक्यावर सुताराचा गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक पट्टीला काटकोनात टेकवा. नुसता तळहात ठेवला की तो तिरपा होतो. मोजायचं नेहमी सकाळीच, कारण दिवसभरात पाठीचे मणके दबून संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते. दोन वर्षांखालच्या बाळाला निजवून मोजतात, आणि ते माप उभ्या मापापेक्षा सुमारे 0.7 सेंमी जास्त येतं. म्हणून पहिल्यांदा उभं केल्यावर बाळ 'आक्रसलं' असं वाटलं तर घाबरू नका.

हा एवढा काटेकोरपणा कशासाठी? जन्मतः सुमारे 50 सेंमी, पहिल्या वाढदिवसाला 75, चौथ्याला 100 च्या आसपास, आणि पुढे वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंमी, असा साधारण हिशेब असतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी जे तक्ते दिले, ते ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेतल्या मुलांवर बेतलेले होते. चांगलं पोषण आणि स्वच्छ परिसर मिळाला की या वयात सगळीकडची मुलं जवळपास सारखीच वाढतात, असं त्यात दिसलं. त्यामुळे 'आमच्या घराण्यात सगळे बुटकेच' हे दर वेळी पुरेसं उत्तर नाही.

बुटकं मूल आणि वाढ मंदावलेलं मूल या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरी गोष्ट एका मापात दिसत नाही, तारखा टाकलेल्या खुणांमधल्या अंतरात दिसते. दर सहा महिन्यांनी मोजा. पाच-सहा वर्षांच्या मुलाची वर्षभरात चार सेंमीही वाढ झाली नसेल, तर आधी पुन्हा मोजून पाहा आणि तेवढीच आली तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. जाताना पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून न्या. आकडे आणि तारखा दोन्ही त्यात येतात.