स्ट्रॉबेरीचे चार गुंठे आणि विषमुक्त शेती

पसरणीचा घाट चढून पाचगणीच्या पठारावर पोहोचले की हिवाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना स्ट्रॉबेरीचे वाफे दिसू लागतात. महाबळेश्वरच्या या फळाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. परंतु त्या वाफ्यांत ओणवे होऊन राबणारे हात अनेकदा भूमिहीनांचे असतात, आणि पाठीवर फवारणीचा पंप घेतलेला माणूसही पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो. म्हणून सेंद्रिय स्ट्रॉबेरी हा आम्ही केवळ ग्राहकाच्या आरोग्याचा प्रश्न मानत नाही. या फळाला सोलून टाकावी अशी साल नाही. अंगावर जे पडेल ते खाणाऱ्याच्या पोटात जाते. तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत विषाचा व्यापारही आहे, याचे येथे स्मरण होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमीन किफायतशीर आहे की नाही हे केवळ तिच्या मापावरून ठरत नाही, तीवर लावलेल्या भांडवल व श्रमाच्या प्रमाणावरून ठरते, असे त्यांनी दाखवून दिले. (त्यांचा मुख्य उपाय औद्योगिकीकरणाचा होता, हेही विसरू नये.) स्ट्रॉबेरी हे थोड्या जमिनीत पुष्कळ श्रम मागणारे पीक आहे. म्हणूनच वसतिगृहामागील चार गुंठ्यांत आम्ही ते घेतले.

पहिल्या वर्षी आम्ही चुकलो. रोपे दाटीने लावली, नळीने वरून पाणी दिले आणि पानांखाली ओल साचून करड्या बुरशीने निम्मी फळे नासली. विद्यार्थ्यांचे उतरलेले चेहरे अजून आठवतात. पुढील वर्षी फूटभर उंचीचे गादीवाफे केले, गुंठ्याला सुमारे २५० किलो कुजलेले शेणखत, त्यात ट्रायकोडर्मा व निंबोळी पेंड मिसळली. टोमॅटो, बटाटा, वांगी वा मिरची नुकतीच घेतलेली जागा टाळली, कारण त्यांचा मर रोग मातीतून या पिकालाही लागतो. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, फूट-फूट अंतरावर रोपे लावली. रोपाचा क्राऊन, म्हणजे जेथून पाने फुटतात तो गड्डा, मातीत गाडला तर सडतो आणि फार वर राहिला तर मुळे सुकतात. तो मातीच्या पातळीशी नेमका ठेवणे हेच लागवडीतील खरे कौशल्य. ते मोठ्यांपेक्षा सातवीच्या मुलींना लवकर साधले. पाण्यासाठी ठिबक आणि वाफ्यावर भाताचा पेंढा अंथरला. पेंढ्यामुळे फळ मातीला टेकत नाही, तण दबते, आणि प्लास्टिकही लागत नाही.

लाल कोळी व भुरीसाठी निंबोळी अर्क वापरतो. पण रोगट पाने रोज खुडणे अधिक उपयोगी पडते. फळधारणेच्या काळात वेलीसारखे धुमारे कापावेत, नाहीतर रोपाची शक्ती तिकडे जाते. तोडलेली स्ट्रॉबेरी पुढे पिकत नाही. म्हणून ती पूर्ण लाल झाल्यावर, ऊन चढण्यापूर्वी, हिरव्या देठासह तोडावी.

हंगाम संपल्यावर निरोगी रोपांचे धुमारे वाढू देऊन आम्ही नवी रोपे तयार करतो. मात्र तीच रोपे वर्षानुवर्षे वापरल्यास विषाणू साचतात, म्हणून दोन-तीन वर्षांनी मातृरोपे बदलावी लागतात. ज्या पालकांच्या परसात दोन वाफ्यांची जागा असेल, त्यांनी सप्टेंबरअखेर शाळेतून रोपे घेऊन जावीत.